दहशतीपासून निर्भय असें राष्ट्र असूं शकतें काय?

महाभारताच्या आदिपर्वांतील परीक्षिताची कथा आमच्या वाचकांस लहानपणापासून ठाऊक आहे. सात दिवसांच्या आंत तक्षक दंश करील असा शाप झाल्यावर त्या राजानें एका खांबावर उभा असा प्रासाद बांधविला, सभोंवार वैद्य, मांत्रिक व पहारेकरी बसविले, आणि वाऱ्यासही विचारल्यावांचून आंत शिरतां येऊं नये असा बंदोबस्त केला. सहा दिवस सुखरूप गेले. सातव्या दिवशीं सायंकाळीं, भेटीदाखल आलेल्या एका फळांतून बारीकसा किडा निघाला, आणि तोच तक्षक होता. पुढें परीक्षिताचा पुत्र जनमेजय यानें सर्पसत्र मांडिलें व अपराधी-निरपराधी असा भेद न करतां सर्पांचीं कुळेंच्या कुळें अग्नींत होमिलीं. परंतु ज्या तक्षकासाठीं तें सत्र मांडिलें होतें, तो मात्र शेवटीं जिवंतच राहिला. कथा जुनी खरी. पण तिच्यांत गोंविलेला प्रश्न जुना झालेला नाहीं.

कोठें तरी बाजारांत, आगगाडींत किंवा देवळाच्या दारांत स्फोट होतो, निरपराध माणसें मरतात, आणि दुसऱ्या दिवशीं सकाळीं चहाच्या वेळीं घरोघर एकच प्रश्न निघतो : आपला देश या भयापासून सर्वस्वीं मुक्त झाला, असें म्हणण्याचा दिवस कधीं तरी येणार आहे काय? कोणी म्हणतो, सरकारनें एकदां कडक व्हावें म्हणजे हें थांबेल. कोणी म्हणतो, लोकांच्या तक्रारी दूर कराव्या म्हणजे हें थांबेल. दोन्ही उत्तरें इतक्या निश्चयानें दिलीं जातात कीं, असा प्रयोग पूर्वीं कोणी करून पाहिला आहे काय, हें विचारण्याचें कोणास सुचत नाहीं. प्रयोग झालेला आहे, आणि तो लहानसहान नव्हे. रशियाच्या झारशाहीनें १८६६ पासून १९१७ पर्यंत, म्हणजे पन्नास वर्षें, या एका भयाशीं झगडण्यांत आपली सारी बुद्धि, द्रव्य व सत्ता खर्च केली. तिला ना लोकमताची अडचण होती, ना विधिमंडळाची, ना निर्भीड वृत्तपत्रांची. कडकपणानें पूर्ण सुरक्षितता मिळवितां येत असती, तर ती तिला मिळावयास हवी होती. म्हणून या प्रश्नाचें उत्तर शोधण्यासाठीं आम्ही वाचकांस प्रथम तिकडे नेतों. या लेखांतील रशियन तिथी त्या काळच्या रशियन पंचांगाप्रमाणें आहेत. इतर युरोपाच्या मानानें तें एकोणिसाव्या शतकांत १२ व विसाव्या शतकांत १३ दिवस मागें असे.

दुसरा अलेक्झांडर हा झार कांहीं केवळ जुलमी राजा नव्हता. १८६१ सालीं त्यानें कोट्यवधि भूदासांस मुक्त केलें; १८६४ सालीं ज्यूरीसह खुल्या न्यायालयांची पद्धति सुरू केली. परंतु जें दार त्यानें अर्धें उघडलें, तें पुरतें उघडण्याचें धैर्य त्यास झालें नाहीं. भूदासांस मिळालेल्या जमिनीबद्दल वर्षानुवर्षें हप्ते भरावे लागत, आणि राज्यकारभारांत लोकांस शब्द काढण्यास जागा नव्हती. ४ एप्रिल १८६६ रोजीं काराकोझोव्ह नांवाच्या तरुणानें त्याच्यावर पहिली गोळी झाडली. ती चुकली, पण झारच्या मनांतील सुधारणेची हौस मात्र तिनें घायाळ केली. तेव्हांपासून सरकार अधिकाधिक संशयी होत गेलें, आणि जे तरुण खेड्यापाड्यांत जाऊन शेतकऱ्यांस चार गोष्टी सांगूं पाहत होते, त्यांस तुरुंग व सायबेरिया यांचा मार्ग दाखविण्यांत आला. १८७९ सालीं त्यांच्यांतीलच कांहीं जणांनीं ‘लोकेच्छा’ या अर्थाच्या नांवाची गुप्त मंडळी स्थापिली व झारच्या वधाचा निश्चय केला.

या मंडळीचे सभासद संख्येनें अगदीं थोडे होते. आणि त्यांच्यासमोर उभें होतें जगांतील एक अफाट साम्राज्य. तरी त्यांनीं त्या साम्राज्यास कसें सळो कीं पळो करून सोडलें तें पाहण्यासारखें आहे. नोव्हेंबर १८७९ मध्यें मॉस्कोजवळ रूळांखालीं सुरुंग पेरून त्यांनीं एक गाडी उडविली; झार अगोदरच्या गाडीनें निघून गेल्यामुळें वांचला. ५ फेब्रुवारी १८८० रोजीं तर स्फोट खुद्द राजवाड्यांतच झाला. खाल्टुरिन नांवाचा एक कुशल सुतार वाड्यांत कामास लागला होता. तो रोज थोडा थोडा डायनामाइट आंत आणी, व तो उशाशीं घेऊन तळघरांत झोंपे. त्या दिवशीं पाहुण्यास उशीर झाल्यामुळें झार जेवणाच्या दालनांत वेळेवर पोंचला नाहीं, म्हणून वांचला. मेले ते मधल्या मजल्यावर पहाऱ्यास असलेले ११ सैनिक. त्यांपैकीं बहुतेक शेतकऱ्यांचीच मुलें. ज्या लोकांच्या नांवानें बाँब उडवावयाचा, ते लोकच त्यांत प्रथम मरतात, ही गोष्ट या विषयाच्या इतिहासांत वारंवार आढळते. फळांतला किडा तो हाच : तटबंदी बाहेरच्या माणसासाठीं असते, आंत काम करणारा सुतार तिला दिसत नाहीं.

१ मार्च १८८१ हा दिवस उजाडला तेव्हां सरकारास आपण जिंकल्यासारखें वाटत होतें. कटाचा मुख्य पुढारी झेल्याबोव्ह दोनच दिवसांपूर्वीं पकडला गेला होता. राजधानींतील एका रस्त्यावर चीज विकण्याचें दुकान थाटून कटवाल्यांनीं आंतून रस्त्याखालीं भुयार खणलें होतें. संशय येऊन आदल्या दिवशीं एक इंजिनिअर सेनापति त्या दुकानाची पाहणी करून गेला, पण त्यास कांहींच आढळलें नाहीं. झारची गाडी नेपोलियन तिसरा यानें भेट दिलेली, लोखंडी पत्र्यानें मढविलेली होती. ती कालव्याच्या कांठीं आली असतां पहिला बाँब पडला. गाडी मोडली, पण आंतील माणसास इजा झाली नाहीं. सारथि विनवीत होता कीं, खालीं उतरूं नये, असेंच पुढें चलावें. परंतु झार जखमी झालेल्या लोकांची विचारपूस करण्यासाठीं उतरला, आणि दुसरा बाँब त्याच्या पायांशीं फुटला. त्याच दिवशीं तो मरण पावला. वाचकांनीं हें लक्षांत घ्यावें कीं, लोखंडी गाडीनें आपलें काम चोख केलें होतें. राजास तिच्याबाहेर आणिलें तें त्याच्यांतील माणुसकीनें. आणि जन्मभर गाडीबाहेर पाऊल टाकावयाचें नाहीं असा निश्चय केल्यावांचून जर कोणास सुरक्षित राहतां येत नसेल, तर त्या सुरक्षिततेस कैद कां म्हणूं नये, हा प्रश्न उरतो.

त्या दिवसाची याहूनही मोठी शोकांतिका निराळीच आहे. त्याच सकाळीं झारनें आपला मंत्री लोरिस-मेलिकोव्ह याच्या एका योजनेस मंजुरी दिली होती. कायद्यांच्या मसुद्यांवर विचार करण्यासाठीं निवडून आलेल्या प्रतिनिधींस बोलवावें, अशी ती योजना होती. ती कांहीं राज्यघटना नव्हे. पण त्या वाटेवरचें तें पहिलें पाऊल होतें. बाँबनें झार मेला व झारबरोबर ती योजनाही मेली. ज्यांनीं लोकांच्या सत्तेसाठीं म्हणून बाँब फेंकला, त्यांनीं लोकांच्या सत्तेचा त्या पिढींतला एकमेव संभव आपल्याच हातांनीं नष्ट केला. दहशतीच्या मार्गाचें समर्थन करणाऱ्यांस या सकाळीबद्दल काय म्हणावयाचें आहे, हें आम्हांस अजून कळलेलें नाहीं. ३ एप्रिल रोजीं पांच जणांस फांशी देण्यांत आलें. त्यांत सोफिया पेरोव्हस्काया ही, एकेकाळीं राजधानीचा गव्हर्नर असलेल्या गृहस्थाची मुलगी होती.

आतां सर्पसत्राकडे वळूं. नवा झार तिसरा अलेक्झांडर राजधानी सोडून गाट्चिना येथील कोटासारख्या वाड्यांत राहावयास गेला. १४ ऑगस्ट १८८१ रोजीं राज्याची सुव्यवस्था व सार्वजनिक शांतता यांच्या रक्षणासाठीं एक कायदा झाला. ज्या प्रांतांत तो लागू होई, तेथील अधिकाऱ्यांस सभा बंद करण्याचा, वृत्तपत्रें व दुकानें मिटविण्याचा, खटले लष्करी न्यायालयांकडे सोंपविण्याचा अधिकार मिळे. आणि चौकशीवांचून माणसास पांच वर्षेंपर्यंत हद्दपार करतां येई. कायदा तात्पुरता होता. मुदत अवघी तीन वर्षांची. पण मुदत संपण्याच्या वेळीं कोणता मंत्री पुढें येऊन म्हणेल कीं, आतां भय उरलें नाहीं? आणि तसें म्हणाल्यावर दुसऱ्या दिवशीं कोठें बाँब उडाला तर? म्हणून कायद्याची मुदत वाढविण्यांत आली, पुनः वाढविण्यांत आली, आणि अशा रीतीनें तो तीन वर्षांचा कायदा १९१७ सालीं राजघराण्याबरोबरच संपला. म्हातारी मेल्याचें दुःख नाहीं, पण काळ सोकावतो, असें आपल्याकडे म्हणतात. येथें सोकावलेला काळ छत्तीस वर्षें घरांत ठाण मांडून बसला.

सुक्याबरोबर ओलें जळतें, ही दुसरी म्हणही त्या वर्षीं खरी ठरली. कटांत एक ज्यू स्त्री सामील होती, एवढें निमित्त पुरलें. झारला ज्यूंनीं मारलें अशी आवई उठली, आणि एप्रिल १८८१ पासून दक्षिण रशियांतील गांवोगांवीं ज्यूंचीं घरें व दुकानें लुटलीं गेलीं. ज्यांनीं बाँब कधीं डोळ्यांनीं पाहिला नव्हता असे शिंपी, दुकानदार, मुलेंबाळें यांस त्याची किंमत द्यावी लागली. सरकारनें १८८२ सालीं यावर उपाय काढला तो असा कीं, ज्यूंनींच खेड्यांत नव्यानें वस्ती करूं नये! हे नियमही ‘तात्पुरते’ होते, व तेही १९१७ पर्यंत चालले. तेथून लक्षावधि ज्यू देश सोडून गेले. आणि जे राहिले त्यांच्यांतील कित्येक तरुण पुढें क्रांतिकारक झाले. सर्व समाजावर संशय घेऊन शत्रु कमी होत नाहींत. नवे मात्र निर्माण होतात.

येथें एक आक्षेप निघेल व तो प्रामाणिकपणें विचारांत घेतला पाहिजे. कोणी म्हणेल, कांहीं झालें तरी कडकपणाचा उपयोग झालाच कीं नाहीं? ‘लोकेच्छा’ मंडळी दोन-तीन वर्षांत मोडली गेली. १८८७ सालीं तिसऱ्या अलेक्झांडरच्या वधाचा कट उघडकीस येऊन पांच विद्यार्थी फांशीं गेले. आणि त्यानंतर विसावें शतक उजाडेपर्यंत रशियांत सामसूम होती. हें सर्व खरें आहे. पोलिसांचा बंदोबस्त निरुपयोगी असतो असें आम्हांस मुळींच म्हणावयाचें नाहीं. कट वेळेवर पकडला गेल्यामुळें अनेकांचे प्राण वांचतात. परंतु सामसूम व सुरक्षितता या दोन भिन्न वस्तु आहेत. त्या फांशीं गेलेल्या विद्यार्थ्यांत अलेक्झांडर उल्यानोव्ह नांवाचा एकवीस वर्षांचा मुलगा होता; त्याचा धाकटा भाऊ पुढें लेनिन या नांवानें जगास ठाऊक झाला. आणि ती सामसूम संपली तेव्हां काय दिसलें? १९०१ सालीं शिक्षणमंत्र्यास एका विद्यार्थ्यानें गोळी घातली. १९०२ सालीं अंतर्गत कारभाराचा मंत्री सिप्यागिन मारला गेला. त्याच्या जागीं आलेला प्लेव्हे १९०४ सालीं बाँबनें उडविला गेला. हा प्लेव्हे १८८१ ते १८८४ पर्यंत पोलिसखात्याचा मुख्य होता; ‘लोकेच्छा’ मंडळीस ज्यांनीं मोडलें त्यांच्यांत त्याची गणना होती. वीस वर्षांपूर्वीं ज्यानें ती आग विझविली असें सर्वांस वाटलें, तोच तिच्यांत भस्म झाला. १९०१ पासून पुढल्या दहा-अकरा वर्षांत अशा हल्ल्यांत मेलेल्या व जखमी झालेल्या लोकांची संख्या इतिहासकारांच्या एका गणनेप्रमाणें सुमारे १७ हजार भरते. हीं सर्व वर्षें त्या ‘तात्पुरत्या’ कायद्याच्या छत्राखालींच गेलीं, हें विसरतां कामा नये.

प्लेव्हेच्या वधाची हकीकत तर कादंबरीकारासही सुचली नसती. तो कट रचणाऱ्या संघटनेचा प्रमुख येव्ह्नो आझेफ हा १८९३ पासून पोलिसांचा पगारी हेर होता! पोलिसांकडून पगार घेऊन तो सोबत्यांस पकडून देई, आणि सोबत्यांत आपली पत राहावी म्हणून अधूनमधून एखादा मंत्री मारूं देई. १९०५ च्या फेब्रुवारींत झारचा चुलता ग्रँड ड्यूक सर्गेई हा बाँबनें मेला, तोही याच आझेफच्या संघटनेकडून. आझेफ खरा कोणाचा, हें त्याच्या दोन्ही धन्यांस शेवटपर्यंत कळलें नाहीं. कदाचित् त्याचें त्यासही कळलें नसेल. १९०८ सालीं बुर्त्सेव्ह या पत्रकारानें, पोलिसखात्याचा माजी प्रमुख लोपुखिन याजकडून आगगाडीच्या प्रवासांत कबुली मिळवून, हें पितळ उघडें पाडलें. आणि सरकारनें शिक्षा कोणास केली? खरें बोलल्याबद्दल लोपुखिन यास.

यानंतर तरी सरकार शहाणें व्हावयाचें; पण तसें झालें नाहीं. मुख्य प्रधान स्टोलिपिन हा कर्तबगार मनुष्य होता. ऑगस्ट १९०६ मध्यें त्याच्या बंगल्यावर बाँब पडून पंचवीसांहून अधिक माणसें मेलीं व त्याचीं स्वतःचीं दोन मुलें जखमी झालीं. त्यानें फिरतीं लष्करी न्यायालयें नेमलीं. अठ्ठेचाळीस तासांत चौकशी व चोवीस तासांत फांशी, असा त्यांचा खाक्या होता. फांसाच्या दोरीस लोक ‘स्टोलिपिनचा गळपट्टा’ म्हणूं लागले. १ सप्टेंबर १९११ रोजीं कीव्ह येथील नाट्यगृहांत, खुद्द झारच्या देखत, बोग्रोव्ह नांवाच्या तरुणानें स्टोलिपिनवर गोळ्या झाडल्या व चार दिवसांनीं तो वारला. नाट्यगृहास पहाऱ्याचा वेढा होता. मग बोग्रोव्ह आंत शिरला कसा? तोही पोलिसांचा हेर होता. मी मारेकऱ्यांस ओळखतों, मला आंत असूं द्या, असें त्यानें सांगितलें, आणि स्थानिक गुप्त पोलिसांच्या प्रमुखानें आपण होऊन त्यास प्रवेशाचें तिकीट दिलें. कुंपणच शेत खाऊं लागल्यावर राखणदार किती नेमले हा प्रश्न उरत नाहीं. जी सत्ता कोणासही जाब देत नाहीं व जिची तपासणी कोणी करूं शकत नाहीं, तिच्या काळोखांत राखणदार कोण व चोर कोण हें तिचें तिलाच ओळखूं येत नाहींसें होतें.

आणि शेवट? १९१७ च्या फेब्रुवारींत झारशाही कोसळली ती बाँबनें नव्हे. राजधानींत भाकरीच्या दुकानांपुढें बायकांच्या रांगा लागल्या होत्या. त्या बायका व गिरण्यांतील मजूर रस्त्यावर आले. सैनिकांनीं गोळी घालण्याचें नाकारलें. आणि आठ दिवसांत तीनशें वर्षांचें राजघराणें नाहींसें झालें. पन्नास वर्षें जें सरकार दाराच्या फटींतून बाँब येतो कीं काय हें पाहत बसलें होतें, त्यास समोरची भाकरीची रांग दिसली नाहीं.

या इतिहासावरून सर्व दोष सरकारचा व दहशतवादी तेवढे निर्दोष, असा निष्कर्ष कोणी काढील तर तो आम्हांस मान्य नाहीं. १८८१ सालींच अमेरिकेचा अध्यक्ष गारफील्ड याचा खून झाला, तेव्हां ‘लोकेच्छा’ मंडळीच्या कार्यकारी समितीनें एक पत्रक काढून त्या कृत्याचा निषेध केला होता. जेथें लोकांस विचारस्वातंत्र्य आहे व आपले राज्यकर्ते निवडतां येतात, तेथें राजकीय खून करणें हें जुलमाचेंच दुसरें रूप होय, असा त्याचा भावार्थ होता. हें मत त्यांनींच दिलेलें असल्यामुळें त्यास विशेष महत्त्व आहे. परंतु जो नियम त्यांनीं अमेरिकेस लावला, तो पाळण्याची संवय बाँब करणाऱ्या हातांस राहत नाहीं. कालियायेव्ह या तरुणानें ग्रँड ड्यूकच्या गाडींत बायको व मुलें दिसतांच उचललेला हात मागें घेतला, ही गोष्ट खरी. पण त्यानंतर दीडच वर्षानें स्टोलिपिनच्या बंगल्यावर बाँब टाकणाऱ्यांनीं आंत कोण बसलें आहे हें पाहिलें नाहीं. प्रथम राजा, मग मंत्री, मग शिपाई, मग वाटेवरचा कोणीही, असा हा उतार आहे. आणि एकदां पाय घसरला म्हणजे मध्यें थांबतां येत नाहीं.

रशियाची ही हकीकत आम्हां महाराष्ट्रीयांस परकी वाटण्याचें कारण नाहीं. पुढें सेनापति बापट म्हणून प्रसिद्धीस आलेले पांडुरंग महादेव बापट हे पॅरिस येथें रशियन क्रांतिकारकांकडूनच बाँबची विद्या घेऊन १९०८ सालीं परत आले. त्याच वर्षीं ३० एप्रिल रोजीं मुझफ्फरपूर येथें पहिला बाँब पडला, व ज्या न्यायाधिशासाठीं तो होता तो वांचून दोन निरपराध इंग्रज स्त्रिया मेल्या. त्यावर ‘केसरी’च्या १२ मेच्या अंकांत टिळकांनीं खेद व्यक्त केला तो हिंदुस्थानास रशियाची स्थिति येऊं लागली याबद्दल. सरकारनें स्फोटक द्रव्यांचा व वृत्तपत्रांचा असे दोन कायदे घाईनें केले, तेव्हां ९ जूनच्या अंकांत हे उपाय टिकाऊ नाहींत, असें त्यांनीं बजावलें. बंदुकीस कारखाना लागतो. बाँब ही मूठभर माणसांच्या डोक्यांत राहणारी विद्या आहे, ती कायद्यानें जप्त करतां येत नाहीं. लोकांस हक्क देणें हाच खरा उपाय, असा त्यांच्या म्हणण्याचा रोख होता. याबद्दल २२ जुलै रोजीं त्यांस सहा वर्षांची शिक्षा झाली. लोपुखिनप्रमाणें येथेंही शिक्षा झाली ती रोगाचें निदान सांगणाऱ्यास. तेव्हां राज्य परक्यांचें होतें, म्हणून त्या काळच्या बाँबचा व आजच्या बाँबचा न्याय एकाच मापानें करतां येणार नाहीं, हें आम्ही जाणतों. पण आज राज्य आपलें आहे. आणि म्हणूनच टिळकांनीं सरकारास विचारलेला प्रश्न आतां आपण आपणांसच विचारला पाहिजे.

लोकांस हक्क दिले म्हणजे सर्व थांबतें, हें दुसऱ्या पक्षाचें उत्तरही मात्र पुरें पडत नाहीं. अमेरिकेत निवडणूक होती, तरी गारफील्ड मेला. २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्रीं समुद्रमार्गें आलेल्या दहा जणांनीं मुंबईत १६६ माणसें मारलीं. त्यांस मुंबईकरांच्या हक्कांशीं कांहीं कर्तव्य नव्हतें. मग सुरक्षितता कशांत आहे? त्या रात्रीची एक गोष्ट आम्हांस येथें आठवते. गिरगांव चौपाटीवर तुकाराम ओंबळे या पोलिस अंमलदारानें, हातांत केवळ लाठी असतां, मारेकऱ्याच्या बंदुकीची नळी धरून ठेविली. गोळ्या अंगावर घेऊन ते मेले, पण मारेकरी जिवंत सांपडला. त्याच्यावर खुल्या रीतीनें खटला चालला. त्यास वकील देण्यांत आला. वकील देऊं नये असें म्हणणारेही तेव्हां पुष्कळ होते. तीन न्यायालयांतून अपील होऊन २१ नोव्हेंबर २०१२ रोजीं त्यास येरवड्यास फांशी झाली. परंतु त्याच खटल्यांत त्याच्याबरोबर आरोपी म्हणून उभे केलेले दोन भारतीय पुराव्याअभावीं निर्दोष सुटले, व तिन्ही न्यायालयांनीं तो निकाल कायम ठेविला. सारें शहर संतापानें पेटलें असतां अपराधी कोण व निरपराधी कोण हा भेद करण्याची शुद्धि न्यायासनानें गमावली नाहीं. जनमेजयाच्या सत्रांत आस्तिकानें जें काम केलें, तें येथें कायद्यानें केलें.

तथापि आपणही फार पाठ थोपटून घेऊं नये. १९८५ सालीं आपल्याकडे झालेला ‘टाडा’ हा कायदाही दोन वर्षांपुरताच होता. तो नव्या रूपांत व वाढत्या मुदतीनें १९९५ पर्यंत टिकला, आणि त्याखालीं वर्षानुवर्षें कैदेंत राहून शेवटीं सुटलेल्यांची संख्या थोडी नव्हती. १८८१ च्या पीटर्सबर्गांतला मोह प्रत्येक राजधानींत असतो.

तेव्हां मूळ प्रश्नास आमचें उत्तर असें आहे. कोणताच घाव कधीं पडणार नाहीं, असा देश जगांत नाहीं व होणारही नाहीं. ज्या देशानें अशा सुरक्षिततेचा हट्ट धरला, त्यानें आपल्या राखणदारांत आझेफ निर्माण केला, आणि भाकरीच्या रांगेकडे पाठ फिरविली. परंतु सुरक्षिततेचा दुसरा एक अर्थ आहे, व तो साध्य आहे. घाव पडला असतांही जें राष्ट्र आपला कायदा टाकीत नाहीं, आपल्याच शेजाऱ्यास शत्रु समजत नाहीं, व आरंभिलेली सुधारणा भयानें मागें घेत नाहीं, तें राष्ट्र या अर्थानें निर्भय होय. दहशतवादी बाँब फेंकतो तो चार माणसांच्या अंगावर. त्याचा खरा नेम असतो तो बाकीच्या कोट्यवधींच्या बुद्धीवर. चार माणसांस वांचविण्याचें काम पोलिसांचें आहे, आणि तें त्यांनीं जागरूकपणें करावें. त्यासाठीं त्यांस साधनें द्यावीं, व त्यांच्या कामाचा जाबही विचारावा. पण दुसरा नेम चुकविण्याचें काम पोलिसांस जमणारें नाहीं. तें आमचें व वाचकांचें आहे.

तें कोठें करावयाचें? त्या दुसऱ्या दिवसाच्या सकाळीं, आपल्याच ओटीवर. कोणी तरी म्हणतो कीं, त्यांना सर्वांनाच हांकलून लावा. तेव्हां सर्वांनाच म्हणजे कोणाकोणास, असें त्यास शांतपणें विचारावें. तात्पुरता कायदा झाला असें ऐकलें म्हणजे त्याच्या मुदतीची तारीख लक्षांत ठेवावी, व ती आली म्हणजे आठवण करून द्यावी. मेलेल्यांसाठीं शोक करावा, अपराध्यास शिक्षा मागावी. पण पुरावाही मागावा. जनमेजयाच्या सत्रांत शेंकडों सर्प जळाले व तक्षक वांचला, हें स्मरण ज्या घरांत राहील, त्या घरापुरता तरी देश निर्भय झाला, असें आम्ही समजूं.